टायर खातंय म्हणून नुसती अलाइनमेंट?

यवतेश्वरचा घाट चढून कासकडे, नाहीतर ठोसेघरच्या बाजूला फोर-बाय-फोर पळवणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: स्टिअरिंग ओढतंय, टायर एका कडेनं खातंय, तर अलाइनमेंट मारा, विषय संपला. संपत नाही. मशीन चाकांचा कोन मोजतं. टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) नाहीतर बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनच्या आर्मला, म्हणजे दांड्याला, जोडणारा गोल सांधा) ढिला असेल तर तो कोन पहिल्याच खड्ड्यात बदलतो. सैल खुंटीला दोरी ताणून बांधण्यातला प्रकार.

आधी मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवा. खटखट लागली तर बहुधा टाय रॉड एंड. वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: प्ले, म्हणजे हा ढिलेपणा, गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट.

जुना एंड किती आट्यांत सुटला ते मोजा, नवा तेवढाच बसवा; गाडी अलाइनमेंटपर्यंत धड जाते. नट सुटू नये म्हणून घालायच्या कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट सैल न करता पुढं आवळा. आणि आर्मचे रबरी बुश (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या) बदललेत तर बोल्टची शेवटची आवळणी गाडी चाकांवर उतरवूनच, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. घाईत नेमकं हेच राहतं. अलाइनमेंट त्यानंतर, पण करायचीच. एंड बदलला की टो-इन, म्हणजे पुढची चाकं आत किती वळलीत तो कोन, हलतोच.