स्पर्शनकाशा

स्पर्शनकाशा : अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना बोटांनी वाचता यावा म्हणून रेषा, खुणा आणि पोत उठावात काढलेला नकाशा. छापील नकाशा जसाच्या तसा उठावात आणला की स्पर्शनकाशा तयार झाला, हा समज या कामात सर्वांत जास्त नडतो. डोळ्याला अख्खा नकाशा एकदम दिसतो. बोट मात्र एका वेळी पेराएवढीच जागा वाचते आणि आधी वाचलेले लक्षात ठेवत पुढे सरकते. त्यामुळे काय गाळायचे हे ठरवण्यातच निम्मे काम असते.

सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांच्या बोस्टनच्या अंधशाळेने १८३७ मध्ये अमेरिकेचा उठावाचा नकाशासंग्रह छापला. त्यातली अक्षरे रोमन होती. मराठी स्पर्शनकाशांवर १९५१ मध्ये स्वीकारलेली भारती ब्रेल लिपी वापरतात.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा नकाशा ए-३ कागदावर १ सेंमी.ला १५ किमी. या प्रमाणात नीट बसतो. विभागाची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ३७५ किमी. आहे, म्हणजे कागदावर २५ सेंमी.; दोन्ही तळवे शेजारी टेकवले की सगळा मुलूख हाताखाली येतो आणि उजवीकडे सूचीला जागा उरते. पहिली अडचण नावांची येते. ब्रेलचे एक घर, म्हणजे सहा ठिपक्यांची एक जागा (डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६), पुढच्या घरापासून ६ मिमी.वर असते आणि ते लहान करता येत नाही. ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहायला मधल्या रिकाम्या जागेसह १७ घरे, म्हणजे सुमारे १० सेंमी. लागतात. जालना तर या नकाशावर तिथून जेमतेम ४ सेंमी.वर! म्हणून सं, जा, बी, धा, ला, ना, पर, हि अशा दोन घरांच्या खुणा ठेवतात आणि पूर्ण नावे सूचीत देतात. एकाच घराची खूण टाळावी. मोकळ्या जागेत एकटे घर आले की ठिपके वरचे की खालचे हे बोटाला कळत नाही. ‘ब’चे १ आणि २ हे ठिपके २ आणि ३ सारखेच लागतात.

जिल्ह्यांच्या सीमा तुटक आणि नद्या सलग रेषेने दाखवाव्यात. गोदावरी बऱ्याच अंतरापर्यंत बीडची उत्तर सीमाही आहे. तिथे दोन्ही रेषा शेजारी काढल्या तर बोट अडखळते, कारण शेजारच्या रेषांत निदान ३ मिमी. मोकळी जागा लागते. अशा ठिकाणी फक्त नदी ठेवावी आणि ‘इथे नदी हीच सीमा’ असे सूचीत लिहावे. ते लिहायचे राहिले तर जालना आणि बीड यांच्यात सीमाच नाही असे वाचणाऱ्याला वाटते. पहिल्या नकाशात गोदावरी, पूर्णा आणि मांजरा पुरेत. दुधना, सिंदफणा, तेरणा गाळताना जिवावर येते, पण त्यांना जिल्ह्याच्या वेगळ्या नकाशात जागा द्यावी. नदीचे बारीक वळणही सोडून द्यावे. मांजरा आग्नेयेला जाऊन पुढे उत्तरेकडे वळते, ते मोठे वळण मात्र हवेच. उगमाकडे एकपदरी आणि पुढे दुपदरी दोरा लावला की पाणी कुठून कुठे जाते हे बाण न काढता समजते. बालाघाट आणि अजिंठ्याचे डोंगर, रेल्वे, पाऊस यांना प्रत्येकी स्वतंत्र पान. बाह्यरेषा मात्र सगळ्या पानांवर तीच.

हाताने करायचा तर जाड पुठ्ठा, मेण लावलेला दोरा, डिंक, बारीक पॉलिशपेपर आणि शर्टाची छोटी बटणे एवढे सामान पुरते. सुतळीचे तूस बोटाला टोचते आणि महिन्याभरात सुटते. ज्वारी-मुगाचे दाणे चिकटवू नयेत, पावसाळ्यात कीड लागते. जाड्याभरड्या पॉलिशपेपरवरून फिरल्यावर बोट काही वेळ बोथट होते आणि लगेच पुढचे ब्रेल लागत नाही. तुटक सीमेसाठी शिंप्याकडचे दातेरी चाक उत्तम. कागदाखाली रबराचा तुकडा ठेवून चाक मागच्या बाजूने फिरवायचे, म्हणून मूळ चित्र आधी आरशातल्यासारखे उलटे करून घ्यावे. अक्षरेही मागून टोचायची असतील तर तीही उलटीच हवीत. ‘ह’ (१, २, ५) सुलटा टोचला तर पुढून ‘ज’ (२, ४, ५) वाचला जातो आणि हिंगोलीच्या जागी जालन्याचा भास होतो.

जास्त प्रती हव्या असतील तर फुगणारा कागद वापरतात. त्यावर काळ्या शाईने छापून तो उष्णतेच्या यंत्रातून काढला की काळा भाग फुगतो, फिकट रंग फुगत नाहीत. त्यामुळे अल्पदृष्टी वाचकांसाठी त्याच पानावर पिवळी पार्श्वभूमी आणि मोठी छापील अक्षरे देता येतात. झेरॉक्स यंत्र फार तापत असेल तर कागद आतच फुगून अडकतो. ए-४ वरचा नकाशा झेरॉक्सवर ए-३ केला की ब्रेलही वाढते, ठिपक्यांमधले २.५ मिमी. अंतर साडेतीनवर जाते आणि घर बोटाच्या टोकाखाली मावत नाही. नकाशा मोठा करावा, ब्रेल नंतर ठरल्या मापात बसवावे. दुसरी रीत प्लास्टिकची : हाताने केलेल्या साच्यावर तापवलेला पत्रा हवा ओढून बसवतात. साच्याला सुईने बारीक भोके नसतील तर खाचांत हवा अडकून कडा बोथट येतात; थर्माकोल उष्णतेने वितळतो. मे महिन्यात घामेजली बोटे प्लास्टिकवर चिकटतात, तेव्हा हाताला थोडी टाल्कम पावडर लावून वाचायला बसतात. दोन्ही प्रकारचे नकाशे पत्र्याच्या छपराखाली किंवा वजनाखाली ठेवू नयेत.

बसस्थानक, शाळा किंवा गावातल्या वाटेचा नकाशा वेगळ्या पद्धतीने करतात. तिथे प्रमाण काटेकोर नसले तरी चालते, क्रम मात्र चुकता कामा नये. रस्ता रुंद काढावा, वळणे सरळ करावीत. हातगाडे, उभ्या मोटरसायकली दाखवू नयेत. पार, हापसा, गटारावरची जाळी दाखवावी. पिठाची गिरणी आवाजामुळे चांगली खूण ठरते, पण वीज गेली की गप्प होते, म्हणून तिच्यासोबत पायाला लागणारी एखादी खूण द्यावी. आठवडी बाजाराच्या दिवशी वाट बदलते, त्या दिवसाचे पान वेगळे करावे.

नकाशा बरोबर आहे की नाही हे डोळस माणसाने डोळे मिटून ठरवू नये. तो काढताना पाहिलेला असतो, त्यामुळे बोटाला न लागलेलेही आठवणीने लागते. दोन-तीन अंध वाचकांच्या हाती द्यावा, त्यातला एक तरी त्या भागाची माहिती नसलेला असावा. आधी तळव्याने कडा, मग तर्जन्यांनी रेषा. मध्ये बोलू नये. बोट कुठे थांबते, कुठे मागे फिरते तेवढे टिपावे. मग रेल्वेच्या पानावर विचारावे : परभणीहून नांदेडला जाताना पूर्णा स्थानक कुठे लागते? बोट नदीच्या रेषेवर गेले तर रेल्वेची रेषा बदलावी लागते.