पेप्लम चित्रपट

पेप्लम चित्रपट : ग्रीक-रोमन पुराणकथा, बायबल आणि प्राचीन इतिहास यांच्या आधारे मुख्यतः इटलीत १९५८ ते १९६५ या काळात तयार झालेले साहसपट. पिळदार अंगाचा, बहुधा उघडाबंब नायक. त्याच्या बळावर उलथून पडणारा जुलमी राजा. कटकारस्थान करणारी देखणी राणी. आणि शेवटी कोसळणारे एखादे देऊळ, राजवाडा किंवा अख्खे शहर, ही त्यांची ठळक लक्षणे. ग्रीक स्त्रिया खांद्यावर टाचून नेसत त्या सैल वस्त्राला ‘पेप्लोस’ म्हणत. त्याच्या ‘पेप्लम’ या लॅटिन रूपावरून फ्रेंच समीक्षकांनी १९६०च्या सुमारास या चित्रपटांना हे नाव दिले. इंग्रजीत त्यांना ‘सोर्ड अँड सँडल’ म्हणतात. मराठीत ‘पोशाखी चित्रपट’ हा शब्द जवळचा असला तरी पुरेसा नाही. या चित्रपटांत पोशाखापेक्षा शरीरालाच जास्त महत्त्व आहे.

या प्रकाराची मुळे मूकपटांत आहेत. १९१४ मध्ये जिओव्हान्नी पास्त्रोने यांनी तुरीन येथे ‘काबिरिया’ हा भव्य मूकपट काढला. रोम आणि उत्तर आफ्रिकेतले कार्थेज यांच्या दुसऱ्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर घडणाऱ्या या कथेत काबिरिया नावाची लहान मुलगी मोलोख देवाच्या पेटत्या पोटात बळी जाण्याच्या बेतात असते. तिला वाचवायला येतो एक रोमन सरदार आणि त्याचा अचाट ताकदीचा गुलाम, माचिस्ते. ही भूमिका करणारा बार्तोलोमेओ पागानो जेनोव्हाच्या गोदीतला कामगार होता. कवी गाब्रिएले दान्नुन्त्सिओ यांनी चित्रपटाची उपशीर्षके लिहिली आणि पात्रांना नावे दिली. ‘माचिस्ते’ हे नाव हर्क्युलिसच्या एका प्राचीन विशेषणावरून घेतले आहे. प्रेक्षकांनी सरदाराला विसरून गुलामाला डोक्यावर घेतले. पागानोने पुढे माचिस्तेवर एकामागून एक चित्रपट केले आणि ती मालिका १९२६ पर्यंत चालली. ज्या मोलोखच्या पोटात मुले लोटली जातात ती पंख पसरलेली प्रचंड मूर्ती तुरीनच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पाहायला मिळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या कमाईचा मोठा हिस्सा अमेरिकी कंपन्यांना देशाबाहेर नेता येत नव्हता. तो तिथेच खर्च करणे भाग होते, आणि रोमचा चिनेचित्ता स्टुडिओ त्यासाठी सज्ज होता. ‘क्वो व्हादिस’ (१९५१) आणि ‘बेन-हर’ (१९५९) असे खर्चिक हॉलीवूडपट तिथे तयार झाले. सुतार, गिलावा करणारे, चिलखते घडवणारे, घोडेस्वार, मारामारीतले बदली कलाकार अशी कसबी माणसांची एक पिढीच त्यांतून उभी राहिली. मारिओ कामेरिनी यांच्या ‘उलिसे’ने (१९५४) कर्क डग्लसला होमरच्या महाकाव्यातला ओडिसियस करून असा चित्रपट इटलीलाही जमतो हे दाखवले. पैसा थोडा आणि हुन्नर भरपूर, अशा जमिनीत पेप्लम रुजला.

पिएत्रो फ्रान्चीशी यांच्या ‘ले फातिके दि एर्कोले’ने (१९५८, इंग्रजीत ‘हर्क्युलिस’) खरी लाट आणली. नायक होता मोंटाना राज्यात जन्मलेला स्टीव्ह रीव्ह्ज (१९२६–२०००). त्याने १९४७ मध्ये ‘मिस्टर अमेरिका’ आणि १९५० मध्ये ‘मिस्टर युनिव्हर्स’ हे किताब मिळवले होते. सुरुवातीलाच राजकन्या इओलेच्या रथाचे घोडे उधळतात, तेव्हा हर्क्युलिस एक झाड मुळासकट उपटून त्यांच्या वाटेत आडवे टाकतो. शेवटी साखळदंडांनी जखडलेला तोच हर्क्युलिस बेड्या तोडतो, साखळ्या फिरवून सैनिकांना लोळवतो आणि राजवाड्याच्या खांबांना विळखे घालून ओढतो. हा प्रसंग नीट पाहावा. रीव्ह्ज नुसता जोर काढल्याचे तोंड करत नाही. तो आधी पाय रोवतो, मग त्याची पाठ ताणत जाते, मग दंड, आणि एका क्षणी दोन साखळ्यांच्या मध्ये सबंध देह धनुष्यासारखा ताठ होतो. त्यानंतरच खांब हलतो. तालमीत वजन खरोखर उचललेल्या माणसालाच बळाचा हा क्रम ठाऊक असतो. रीव्ह्जच्या अभिनयाला नावे ठेवणाऱ्यांनी हे पाहिलेले नसते.

अमेरिकी वितरक जोसेफ ई. लेव्हीन यांनी या चित्रपटाचे हक्क सुमारे १,२०,००० डॉलरला घेतले आणि जाहिरातीवर दहा लाख डॉलरहून अधिक खर्च केले. १९५९ मध्ये सुमारे ६०० प्रती काढून त्यांनी तो एकाच वेळी देशभर लावला. त्या काळी ही पद्धत नवलाची होती. चित्रपट तुफान चालला आणि रोममध्ये व्यायामपटूंचा शोध सुरू झाला. पुढच्या सात वर्षांत दीडशेहून अधिक पेप्लम निघाले.

रीव्ह्जमागोमाग ब्रिटनचा रेग पार्क आणि टारझन म्हणून गाजलेला गॉर्डन स्कॉट आले. ब्रुकलिनचा लू देग्नी ‘मार्क फॉरेस्ट’ झाला. व्हेनिसमध्ये गोंडोला वल्हवणारा आद्रिआनो बेल्लीनी पडद्यावर ‘कर्क मॉरिस’, तर रोमचा सेर्जिओ चिआनी ‘अ‍ॅलन स्टील’ म्हणून झळकला. नायकांची नावे मात्र चारपाचच होती : हर्क्युलिस, बायबलमधले सॅमसन आणि गोलायथ, पोलिश कादंबरीकार शेन्क्येविच यांच्या कादंबरीतून आलेला उर्सुस, आणि १९६० मध्ये नव्याने अवतरलेला माचिस्ते. अमेरिकेत माचिस्ते कोणाला माहीत नव्हता, म्हणून डबिंग करताना तो बेलाशक हर्क्युलिसचा मुलगा, सॅमसन किंवा गोलायथ होई. इटलीत त्याला काळाचे बंधन नव्हते. फॅरोच्या इजिप्तमध्ये तो आहे, चीनमध्ये मंगोल खानाच्या दरबारात आहे आणि रिक्कार्दो फ्रेदा यांच्या ‘माचिस्ते अल्लिन्फेर्नो’त (१९६२) तर तो थेट सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये येतो. तो कुठून आला हे तिथे कोणी विचारत नाही. ज्या गावात भुकेलेली माणसे असतात तिथे तो येतो, आणि सिंहासन रिकामे झाले की ते हक्काच्या वारसाला देऊन निघून जातो. तो स्वतः कधीही राजा होत नाही. चाहत्यांचा जीव जडतो तो माचिस्तेच्या या निरिच्छपणावर. वीसच वर्षांपूर्वी इटलीत रोमन वैभवाचे चित्रपट सत्तेच्या गौरवासाठी निघत होते. मुसोलिनीच्या राजवटीने पैसा ओतलेला ‘शिपिओने लाफ्रिकानो’ (१९३७) हे त्याचे उदाहरण. त्याच देशात आता तसेच खांब आणि तसेच रथ राजवाडे पाडण्याच्या कामी आले.

हे चित्रपट बनवण्याची रीत काटकसरीची होती. हिरोने डोक्यावर उचललेली शिळा आतून पोकळ असे. एका चित्रपटाचा राजवाडा पुढच्या चित्रपटात देऊळ होई आणि जळत्या शहराची किंवा मोठ्या लढाईची दृश्ये पुन्हापुन्हा वापरली जात. संवाद नंतर स्टुडिओत भरले जात, त्यामुळे अमेरिकी नायक, इटालियन खलनायक आणि फ्रेंच राणी आपापल्या भाषेत बोलले तरी चाले. रोमच्या उत्तरेला त्रेजा नदीवर मॉन्ते जेलातो नावाचा बुटका, रुंद धबधबा आहे. तो इतक्या चित्रपटांत आहे की चाहते तो पहिल्या झलकेत ओळखतात. कधी तिथे ग्रीक पुराणकथांतल्या लढवय्या अ‍ॅमेझॉन स्त्रिया स्नान करतात, तर कधी नायक जखम धुतो. पाणी तेच, दगड तेच, आणि दर वेळी देश वेगळा. भाविकाला जसे देवळाच्या वाटेवरचे झाड ओळखीचे असते तशी ही ओळख आहे.

या काटकसरीतून उत्तम कला निपजली ती मारिओ बाव्हा (१९१४–१९८०) यांच्या हातून. मूळचे शिल्पकार असलेले त्यांचे वडील एउजेनिओ बाव्हा यांनी ‘काबिरिया’च्या चमत्कार-दृश्यांवर काम केले होते, मुलगा त्याच वर्षी जन्मला. फ्रान्चीशींच्या ‘हर्क्युलिस’चे छायाचित्रण मारिओ यांचेच. ‘एर्कोले अल चेन्त्रो देल्ला तेर्रा’ (१९६१) त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. बुद्धी हरपलेल्या प्रेयसी देयानिराला बरे करण्यासाठी हर्क्युलिस (रेग पार्क) पाताळात उतरतो, आणि वर तिचा काका लिको (ख्रिस्तोफर ली) तिच्या रक्तावर डोळा ठेवून असतो. दारेखिडक्या असलेली एक सुटी भिंत आणि चार सरकते खांब एवढ्यावर आपण हा चित्रपट उभा केला, असे बाव्हा सांगत. बाकी सगळे धूर आणि रंगीत प्रकाश यांचे काम आहे. एकाच चौकटीत डावीकडे निळा, उजवीकडे तांबडा आणि मागे हिरवा उजेड पडतो, आणि त्या दोन हातांच्या जागेत पाताळाला अंत राहत नाही. शेवटी थडग्यांची झाकणे सरकतात आणि जाळ्या लोंबणारे मुडदे हवेत तरंगत नायकावर चालून येतात. अमाप पैसा ओतून केलेल्या कोणत्याही हॉलीवूडपटातल्या पाताळापेक्षा हे पाताळ या लेखकाला खरे वाटते.

व्हित्तोरिओ कोत्ताफावी यांची ताकद वेगळी. त्यांच्या ‘एर्कोले अल्ला कोन्क्विस्ता दि अत्लान्तिदे’ची (१९६१) सुरुवात गुत्त्यातल्या हाणामारीने होते, बाकडी उडतात, माणसे भिंतीवर आदळतात आणि हर्क्युलिस मात्र शांतपणे जेवत बसतो. आळसावलेला, बायकोमुलात रमलेला, लढाईचा कंटाळा असलेला असा नायक त्याआधी कोणी दाखवला नव्हता. पॅरिसच्या समीक्षकांनी कोत्ताफावींना डोक्यावर घेतले, पण त्यांच्याच देशात हे चित्रपट उपनगरांतल्या आणि खेड्यांतल्या दुय्यम थिएटरांचा माल मानले गेले. माचिस्तेपट काढणारे दिग्दर्शक दोमेनिको पाओलेल्ला यांनी १९६५ मध्ये या चित्रपटांना ‘गरिबांचे मनोविश्लेषण’ म्हटले. सेर्जिओ लिओने यांची उमेदवारीही इथलीच. मारिओ बोन्नार्द आजारी पडल्यावर ‘पॉम्पेईचे अखेरचे दिवस’ (१९५९) हा चित्रपट त्यांनी पुरा केला आणि ‘इल कोलोस्सो दि रोदी’ (१९६१) हा त्यांनी स्वतःच्या नावावर दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट.

पेप्लममधल्या राण्या नायकांपेक्षा अनेकदा जास्त लक्षात राहतात. ‘एर्कोले ए ला रेजिना दि लिदिया’तली (१९५९) ओम्फाले विस्मृतीचे पाणी पाजून पुरुषांना वश करते आणि मन भरले की त्यांचे पुतळे करून गुहेत मांडून ठेवते. ही भूमिका सिल्व्हिया लोपेझने केली. चित्रपट आला त्याच वर्षी ती ऐन तारुण्यात ल्युकेमियाने गेली. मात्र या राण्यांना बहुतेकदा सत्तेची शिक्षा म्हणून मरावे लागते, आणि बलवान देह तो गोराच, हेही या चित्रपटांनी मनावर ठसवले. ‘काबिरिया’तला माचिस्ते आफ्रिकी होता आणि पागानो तोंडाला काळे फासून ती भूमिका करत असे. लगेच पुढच्या चित्रपटात तो गोरा इटालियन झाला. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड डायर यांनी १९९७ मध्ये या गोऱ्या स्नायूंच्या राजकारणाची सविस्तर चिकित्सा केली. ती बरोबर आहे, आणि या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्याने ती मनात ठेवूनच ते पाहावेत.

रे हॅरिहाउसेन यांच्या चमत्कृतींनी नटलेला ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ (१९६३) हा याच कुळातला समजला जातो. तो इंग्रजी भाषेतला असून त्याचे बरेच चित्रीकरण दक्षिण इटलीत झाले. त्यात सात सांगाडे तीन माणसांशी तलवारीने लढतात. एकेक चौकट हाताने हलवून केलेल्या त्या काही मिनिटांच्या दृश्याला हॅरिहाउसेन यांना साडेचार महिने लागले.

भारतात या लाटेचे पडसाद मुंबईच्या स्टुडिओंत उमटले. कुस्तीगीर दारा सिंग यांना नायक करून बाबूभाई मिस्त्रींनी ‘किंग काँग’ (१९६२) काढला, त्यानंतर ‘फौलाद’ (१९६३) आला आणि १९६४ मध्ये तर ‘सॅमसन’ व ‘हर्क्युलिस’ या नावांचेच चित्रपट निघाले. काल्पनिक राज्ये, जुलमी राजे आणि साखळदंड तेच होते. रीव्ह्ज ज्या जागी साखळ्या ओढतो तिथे दारा सिंग शड्डू ठोकतात आणि पेच टाकतात. लहानपणापासून भीम-जरासंधाची कुस्ती ऐकलेल्या प्रेक्षकाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नव्हते.

१९६४ मध्ये लिओनेंचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ आला आणि इटलीतले निर्माते एका हंगामात वेस्टर्नकडे, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या बंदूकबाजांच्या साहसपटांकडे वळले. १९६५ नंतर पेप्लम जवळपास थांबला. ‘पॉम्पेई’च्या चित्रीकरणात रथ झाडावर आदळून रीव्ह्जचा खांदा निखळला होता आणि ते दुखणे त्याला कायमचे चिकटले. १९६८ मध्ये एक वेस्टर्न करून तो कॅलिफोर्नियात परतला आणि घोडे पाळू लागला. १ मे २००० रोजी तो वारला. रोमन पोशाखी साहसाला पुन्हा दिवस आणणारा रिडली स्कॉट यांचा ‘ग्लॅडिएटर’ अमेरिकेत त्यानंतर चारच दिवसांनी लागला.

१९६५ नंतर अनेक वर्षे पेप्लम जगला तो दूरदर्शन संचांवर. रुंद पडद्यासाठी रचलेल्या चौकटी दोन्ही बाजूंनी कापलेल्या, इंग्रजी आवाज चिकटवलेले आणि रंग विटलेले, असे त्याचे रूप होते. ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या जुन्या प्रतींतले निळे-हिरवे रंग आधी उडतात आणि सगळे चित्र गुलाबी-तांबूस होऊन जाते. कित्येक चाहत्यांनी बाव्हांचे निळे पाताळ प्रथम गुलाबीच पाहिले. आता मूळ निगेटिव्हवरून साफ केलेल्या, पूर्ण रुंदीच्या प्रती निघू लागल्या आहेत. त्या पाहताना चौकटीच्या कडेला इतकी वर्षे कापला गेलेला भाग प्रथमच दिसतो, आणि तिथे बहुधा साधे गावकरी उभे असतात, खांब पडताना पाहत.