खुर्दा किती गेला : युद्धाची ओढ आणि खान्देश

२०२५ च्या मे महिन्यात, ७ ते १० तारखेच्या त्या चार दिवसांत, भारत-पाकिस्तान लढाईशिवाय दुसरा विषय नव्हता. लग्नसराई चालू होती. मांडवात, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर जो तो मोबाइल पुढे करून व्हिडिओ दाखवत होता. लोकांना आनंद झाला होता असं मी म्हणणार नाही, पण सगळ्यांच्या अंगात तरतरी आली होती. एरवी एकमेकांकडे न बघणारी माणसं सख्ख्या भावांसारखी बोलत होती. आणि ज्या घरातलं पोरगं सीमेवर होतं, तिथे टीव्ही बंद होता. ‘मना पोऱ्या फौजमा शे,’ एवढं बोलून माय गप्प व्हायची.

ही दोन्ही घरं एकाच आळीतली. युद्धाची ओढ एका घरात आणि त्याचं ओझं दुसऱ्या घरात, ही वाटणी खान्देशाला जुनी आहे.

दख्खनेतून उत्तरेकडे जाणारा रस्ता तापी ओलांडून बुऱ्हाणपूर-असीरगडावरून जातो. ज्याला दिल्ली हवी किंवा दख्खन हवं, त्याला खान्देश तुडवावाच लागला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची, म्हणजे भाऊसाहेबांची फौजही बुऱ्हाणपुरावरूनच उत्तरेला गेली. तिच्याबरोबर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे कितीतरी जास्त होते. बुणगे म्हणजे फौजेमागचे नोकर-चाकर, व्यापारी, बायका-पोरं, आणि फौजेच्या सोबतीने काशी-प्रयाग घडेल म्हणून निघालेले यात्रेकरू. आपण एका मोठ्या गोष्टीचा भाग आहोत, ही भावना माणसाला घरातून उठवते. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. त्याची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असं मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात : दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे चिल्लर. आपल्या पोवाड्यांतही मोती आहेत, मोहरा आहेत. ज्याला ‘खुर्दा’ म्हटलं ती गावोगावची माणसं होती, आणि खुर्द्याचा पोवाडा कुणी रचत नाही.

खान्देशाने खुर्द्याची बाजू सगळ्यात जास्त भोगली ती १८०२ नंतर. यशवंतराव होळकरांच्या फौजेने त्या साली हा मुलूख लुटला. पेरण्या बुडाल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, मग पेंढारी आले. आपल्या महसुली भाषेत एक शब्द आहे, बेचिराख. आता आपण तो जाळपोळीसाठी वापरतो. दप्तरात त्याचा अर्थ साधा होता : ज्या गावात एकही दिवा लागत नाही ते गाव. १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज पोलिटिकल एजंट म्हणून इथे आला, तेव्हा अशी गावं जिकडेतिकडे होती. शेतांत झाडोरा माजला होता, त्यात वाघ आले होते. युद्धाचा खर्च तोफा-बारुदात मोजतात. वर्षानुवर्षं न लागलेला दिवा कुठल्या खात्यात घालणार?

त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यापाशी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज आली. मंदसोरच्या तहाने होळकरांनी किल्ला सोडला होता, पण किल्लेदार तुळशीराम दार उघडेना. अखेर बोलणी चालू असतानाच दारात झटापट झाली, इंग्रज अधिकारी पडले आणि आतल्या शिबंदीची, म्हणजे किल्ल्यातल्या शिपायांची कत्तल झाली. किल्लेदाराला फाशी दिलं. लंडनच्या संसदेतही यावर प्रश्न विचारले गेले. थाळनेरचं मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की कत्तल करणारे काही जन्माचे क्रूर नव्हते. आपला माणूस पडलेला दिसला आणि पुढच्या काही मिनिटांत समोर माणसं उरलीच नाहीत, फक्त शत्रू उरला.

फौजेची ओढ इंग्रजांनीही ओळखली होती. सातपुड्यातले भिल्ल नुसत्या बंदुकीने नमेनात, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या धोरणाप्रमाणे १८२५ मध्ये जेम्स औट्रमने खान्देश भिल्ल कोअर उभी केली, धरणगावला तिचं ठाणं झालं. तो भिल्लांबरोबर जंगलात राहिला, शिकारीला गेला, त्यांचा विश्वास मिळवला आणि मग त्यांना गणवेश दिला. ज्यांना सगळे लुटारू म्हणत, त्यांना पगार मिळाला आणि मानही. यातला मान लहान समजू नये. पण डोंगर गप्प बसला नाही. सेंधव्याच्या घाटात सरकारी नोकरी केलेला भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईनंतर भिल्लांच्या बायकाही मोठ्या संख्येने कैद झाल्या.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी कुतला घातलेल्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने त्यांना शरण जावं लागलं. युद्धानंतर सरकारने महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दगडी पाट्या बसवल्या : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. पाटीवर आकडा आहे, नाव नाही. खुर्द्याची गणती झाली, एवढाच पानिपतापासूनचा फरक. जे जिवंत परतले त्यांच्या मनाचं काय झालं, याला तर तेव्हा शब्दही नवाच होता. ‘शेल शॉक’ हा शब्द डॉ. चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून १९१५ मध्ये वैद्यकात आला. आघातानंतरचा तो ताण आजार म्हणून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत यायला १९८० उजाडलं.

मग माणूस युद्धाकडे ओढला का जातो? अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९१० मध्येच सांगितलं होतं की युद्ध नुसतं वाईट आहे म्हणून भागणार नाही. शिस्त, त्याग, एकमेकांसाठी मरण्याची तयारी हे सगळं माणसाला तिथे मिळतं, तेव्हा ते दुसरीकडे कुठे मिळेल ते शोधा. १९३२ च्या जुलैत शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांनी मनोविश्लेषक फ्रॉइडना पत्र लिहून हेच विचारलं : मूठभरांच्या फायद्यासाठी जनता इतकी पेटते कशी? फ्रॉइडनी उत्तरात माणसातल्या विध्वंसाच्या प्रेरणेकडे बोट दाखवलं, आणि तिला उतारा म्हणून माणसामाणसांतलं भावनेचं नातं सांगितलं.

नेमक्या त्याच वर्षी, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते, आणि अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी ते उतरून घेत होते. अर्जुनाला अहिंसा सुचली नव्हती, असं विनोबांनी पहिल्याच प्रवचनात मांडलं. तो कितीतरी लढाया लढलेला, समोर स्वजन दिसले म्हणून त्याचे हात गळाले. त्यांनी एका न्यायाधीशाचा दाखला दिला. शेकडो जणांना फाशी सुनावणारा हा गृहस्थ स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर आला, तेव्हा फाशी कशी अमानुष आहे ते सांगू लागला. विनोबांचा रोख अर्जुनाच्या मोहावर होता, हे खरं. मला तो दाखला उलट्या बाजूनेही लागू पडतो असं वाटतं. समोरचा जोवर आपला नाही, तोवर आपल्याला युद्ध सोसतं, इतकंच नाही तर हवंसं वाटतं. व्हिएन्नाहून फ्रॉइड आणि धुळ्याच्या बराकीतून विनोबा, दोघंही आपपराच्या त्याच रेषेपाशी येऊन थांबले होते.

आज भुसावळ आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांवर हजारो घरं चालतात. पहाटे जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. त्यांना कुणाचा जीव घ्यायचा नाही. कापसाच्या भावावर घर चालत नाही, म्हणून ती पळतात. लढाईची हौस त्यांच्यात मी फारशी पाहिली नाही, ती मैदानाबाहेर बसलेल्यांत जास्त असते. मेमध्ये शस्त्रसंधी झाल्याचं कळलं तेव्हा टपरीवर काही जण हळहळले, इतक्यात कशाला थांबले म्हणून. ज्या घरातला टीव्ही बंद होता, तिथे त्या संध्याकाळी मायने चूल पेटवली.