खुर्ची आली मानाने, माप राहिलं मागे

२०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून लॅपटॉप घेऊन गावी परतलेली मुलं आधी पलंगावर बसून काम करत होती, मग जेवणाच्या टेबलावर, आणि शेवटी कंबर धरून जागा शोधायला लागली. जळगाव-धुळ्याकडे ‘को-वर्किंग’च्या, म्हणजे भाड्याने जागा देणाऱ्या सामायिक कार्यालयांच्या पाट्या दिसायला लागल्या त्या साधारण तेव्हापासून. अशी जागा उभी करणाऱ्या ओळखीच्यांबरोबर मी खुर्च्या बघायला गेलो आहे. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “साहेबांसाठी किती आणि स्टाफसाठी किती?” सामायिक कार्यालयात साहेब नसतो. सकाळी त्या खुर्चीवर सहा फुटी मुलगा बसतो, दुपारी पाच फुटांची सीए करणारी मुलगी. तरीही प्रश्न हुद्द्याचाच येतो, आणि तो आजचा नाही.

खुर्ची येण्याआधीही आपल्याकडे माणसं दिवसभर बसून काम करत होती, पण जमिनीवर. आमच्या आप्पांची चोपड्याला कापसाची अडत होती. गादी, तिच्यावर पांढरी चादर, भिंतीला लोड आणि समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. मुनीमजी त्या उतारावर चोपडी ठेवून लिहायचे. ते कसे बसायचे हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. थोडा वेळ मांडी, मग एक गुडघा उभा, मग दुसरा, आकडेमोड लांबली की पाठ लोडाला, आणि गाडी आली की उठून काट्याजवळ. अर्धा तास एका स्थितीत बसलेलं मी त्यांना पाहिलं नाही. मालक आणि मुनीम एकाच गादीवर असत. मान होता, पण तो लोडाजवळच्या जागेचा. उंचीत फरक नव्हता, आणि दारात आलेल्या शेतकऱ्यालाही “या, बठा” म्हणून त्याच गादीच्या कडेला जागा मिळे.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्ज यांनी कारभाराचं ठाणं धुळ्याला केलं, आणि कचेरीबरोबर टेबल-खुर्ची आली. खुर्ची हा शब्द आपल्या भाषेला नवा नव्हता. अरबी-फारसीतून ‘कुर्सी’ आधीच आली होती, मेजही फारसीतून. नवं होतं ते कामाचं रोज खुर्चीवर चढणं. साहेबासमोर कोणी बसायचं आणि कोणी उभं राहायचं, हा राज्यकारभाराचा भाग झाला. उत्तर हिंदुस्थानात तर अधिकाऱ्यापुढे खुर्चीवर बसण्याचा मान लेखी देत, त्याला ‘कुर्सीनशीन’ म्हणत. मराठीत खुर्ची म्हणजे सत्ता हा अर्थ असा रुजला की आज ‘खुर्ची सोडवत नाही’ म्हटल्यावर कोणाच्या मनात लाकूड येत नाही.

कचेरीतली उतरंड माझ्या लहानपणापर्यंत तशीच होती. साहेबाला उंच पाठीची, हातांची, वर टॉवेल टाकलेली खुर्ची. हेडक्लार्कला हात असलेली, पण पाठ बुटकी. कारकुनाला बिनहाताची, शिपायाला स्टूल. अर्जदार उभा. यातली एकही खुर्ची बसणाऱ्याच्या मांडीचं किंवा पाठीचं माप घेऊन झालेली नव्हती. सगळी मापं हुद्द्याची.

लाकडाची मात्र कमतरता नव्हती. सातपुड्यात तळोदा-अक्कलकुव्याकडचा साग, आणि खाली डांगचा. डांगच्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ मध्ये जंगलं पट्ट्याने घेतली, कारण मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग हवा होता. खान्देशातल्या जुन्या शाळा-कचेऱ्यांत सागाच्या, वेताने विणलेल्या खुर्च्या अजून सापडतात. मे महिन्यात पाठीला वारा लागू देणारी वेताची जाळी, आणि वीण सैल झाली की गावातच पुन्हा विणून मिळायची. त्या खुर्च्यांची ही बाजू खरोखर चांगली होती. असाच साग आणि वेत वापरून १९५० च्या दशकात चंडीगडच्या सरकारी कार्यालयांसाठी वास्तुविशारद पिअर जनेरे यांच्या देखरेखीखाली हजारो खुर्च्या बनल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या, ढिगाने पडून राहिल्या, आणि आता परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या जातात. आपल्याकडचे ढीग कोणी पाहिले नाहीत. त्यांचं सरपण झालं.

या काळात सुतारांच्या हातात एक हिशेब बसला तो आजवर चालू आहे : खुर्चीची बैठक अठरा इंच, टेबल तीस इंच. पाच फूट उंचीच्या बाईचे पाय अठरा इंची बैठकीवरून दीड-दोन इंच अधांतरी राहतात. मग ती पुढे सरकून कडेवर बसते, पाठ मोकळी राहते, मांडीखाली कड रुतते. कार्यालयात दहा-बारा वर्षं काढलेल्या कितीतरी बायकांची पाठदुखी इथे सुरू झालेली असते आणि दोष त्यांच्या वयाला लागतो. याचा मला मनापासून राग येतो.

पश्चिमेतही माप उशिराच आलं. अमेरिकेत टॉमस वॉरन यांनी १८४९ मध्ये स्प्रिंगवर झुलणारी, फिरणारी खुर्ची केली आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ती दिसली, पण कार्यालयांनी ती तेव्हा उचलली नाही. व्हिएन्नाच्या थोनेट यांची वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची १८५९ ची. सहा तुकडे, थोडे स्क्रू, आणि सुटी करून एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस मावायच्या. स्वस्त झाली, जगभर गेली, तरी बसणाऱ्याच्या शरीराचा प्रश्न तसाच राहिला. तो नीट हाती घेणाऱ्यांत स्वीडनचे डॉक्टर बेंग्ट ओकरब्लोम होते. १९४८ मध्ये त्यांनी बसण्या-उभं राहण्याच्या स्थितींचा अभ्यास मांडला, त्यात कमरेच्या खालच्या भागाला आधार हवा हे होतं. १९६४ मध्ये हर्मन मिलर या अमेरिकी फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ ही कार्यालयी फर्निचरची रचना आणली. माणसाने कधी बसावं, कधी उभं राहून काम करावं, हलत राहावं, ही त्यामागची कल्पना. म्हणजे आमचे मुनीमजी जे कोणी न शिकवता करत होते तेच. १९६८ ची सुधारित रचना कंपन्यांनी उचलली, पण कमी जागेत जास्त माणसं कोंबायला, आणि त्यातून क्युबिकल, म्हणजे आडोशांनी पाडलेला एकेकट्याचा कप्पा, जन्माला आलं. त्याच कंपनीची १९९४ ची जाळीची ‘एरॉन’ खुर्ची तीन मापांत आली. हुद्द्याप्रमाणे तीन नव्हेत, देहाप्रमाणे तीन. आपल्याकडे भारतीय शरीराची मापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये पुस्तकरूपात काढली. त्याआधी आपल्या खुर्च्या कोणाच्या देहावर बेतल्या होत्या, याचा विचार करून बघावा.

मधल्या काळात खान्देशात प्लास्टिकची खुर्ची आली. एकाच साच्यातून निघणारी अशी खुर्ची फ्रान्सच्या आंरी मासोने यांनी १९७२ मध्ये केली होती. लग्नाच्या मांडवातून ती स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत पोचली, आणि माझ्या मते आपल्या भागातलं पहिलं सामायिक कार्यालय म्हणजे ही अभ्यासिकाच. महिन्याचं भाडं, नंबराची जागा, दिवसाचे दहा-बारा तास. मुलांनी तिथे घरून उशी आणली, पाठीमागे टॉवेलची गुंडाळी लावली. साहेबाच्या खुर्चीवरचा टॉवेल आता कमरेच्या खळगीत आला होता.

आणि कार्यालयी खुर्चीची गोष्ट खान्देशात फिरून अमळनेरला येतेच. २९ डिसेंबर १९४५ ला तिथे वनस्पती तुपासाठी सुरू झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स पुढे विप्रो झाली आणि संगणकाच्या धंद्यात उतरली. आयटीने चाकाची, उंची बदलणारी, जाळीच्या पाठीची खुर्ची साध्या कर्मचाऱ्यालाही दिली. आपल्या मुलांना अशी खुर्ची पहिल्यांदा मिळाली ती पुण्या-बंगळुरूत, आणि गावी परतल्यावर तीच आठवायला लागली. सामायिक कार्यालयाची आजची कल्पना सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ मध्ये उभी केली, तीही घडीच्या टेबलांवर. त्यामुळे सुरुवातीला भारी फर्निचरच हवं असं नाही.

इथे निवडताना मी इथलीच हवा आणि फरशी धरतो. जळगाव-भुसावळचा मे पंचेचाळीस अंशांवर जातो आणि वीज गेली की रेक्झिनच्या जाड गादीवर पाठ भिजते. म्हणून पाठ जाळीची. बैठकीवर कापड. जुन्या इमारतींत शहाबादी फरशी असते, तिच्या सांध्यांत लहान कडक चाकं अडकतात. मोठी, मऊ रबरी धारेची चाकं घ्यावीत. बैठकीची उंची सोळा इंचांपर्यंत खाली येते का, हे दुकानात टेप लावून मोजावं, माहितीपत्रकावर जाऊ नये. सुट्या भागांचं मात्र मला महागात पडलं आहे. एका पुरवठादाराकडून घेतलेल्या बारा खुर्च्यांपैकी सात पहिल्याच पावसाळ्यानंतर आपोआप खाली बसायला लागल्या, आणि बैठकीची उंची धरून ठेवणारी त्यांची गॅसची नळी गावात कुणाकडेच मिळाली नाही.

ज्या सामायिक कार्यालयासाठी त्या घेतल्या होत्या, तिथे मग एका कोपऱ्यात जळगावचीच प्लास्टिकची चटई, वर गादी, लोड आणि बुटकं डेस्क मांडलं. दोन टेबलांचे पाय सुताराकडून दोन इंच कापून घेतले. कापताना तो दोनदा विचारून गेला, “भाऊ, तीसचं अठ्ठावीस करतोय, नक्की ना?” सकाळी आल्यावर सगळ्यात आधी भरतात ती ही दोन टेबलं.