४ मीटर, १५०० सीसी, १७० मिलिमीटर : हायब्रीड की मोठी गाडी या भांडणाची पार्श्वभूमी

सध्या आपल्याकडे कुणी गाडी घ्यायला निघालं की घरात दोन पार्ट्या पडायल्यात. एक म्हणते हायब्रीड घे, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड असलेली, पेट्रोलचा खर्च निम्म्यावर येईल, दुसरी म्हणते सात-आठ माणसं बसणारी डिझेल घे, खड्ड्यात आपटणार नाही आणि लग्नसराईत कामाला येईल. दोघंही मायलेजचे आकडे सांगत बसतात, पण शोरूममधली किंमत मायलेज बघून ठरतच नाही, ती ठरते टॅक्सवाल्यांच्या टेपने, आणि त्या टेपने गेल्या वीस वर्षांत या वादाची इतकी उलथापालथ केलीय की ते समजल्याशिवाय कोणत्याच पार्टीचं म्हणणं नीट कळत नाही.

लई जुनं सांगत बसत नाही. १९७५ ला अमेरिकेने कारसाठी मायलेजचा कायदा केला आणि त्यात 'हलका ट्रक' असा वेगळा, सैल नियमांचा कप्पा ठेवला, मग तिथल्या कंपन्यांनी घरगुती वापराच्या मोठमोठ्या गाड्या त्याच कप्प्यात बसवून विकल्या. १९९७ ला जपानमध्ये हायब्रीड बाजारात आली. आपल्या देशात २००८ ला बाहेरून आणलेली एक हायब्रीड सेडान साडेएकवीस लाखाला विकायला ठेवली होती, ती मराठवाड्यात कुणी घेतली असेल तर मला तरी दिसली नाही.

आपल्याकडे मोठी गाडी ही आधी पोट भरायची गोष्ट होती हे विसरून चालणार नाही. कमांडर, ट्रॅक्स, १९९४ नंतर सुमो, मग क्रूझर, या गाड्या काळीपिवळी म्हणून जिंतूर, सेलू, गेवराई, अहमदपूर अशा रोडवर पळायच्या आणि एसटी चुकलेला माणूस त्यातच घरी जायचा. माझ्या मामाची ट्रॅक्स होती, ती लिटरला बारा जरी देत असली तरी दहा माणसं धरली तर माणशी हिशोब १२० किलोमीटर पडतो, आणि आजची पंचवीस देणारी हायब्रीड दोघं घेऊन पळाली तर ५०. हा हिशोब शहरातले लोक कधी मांडत नाहीत. अर्थात आजच्या पांढऱ्या मोठ्या गाडीत पण बहुतेक वेळा एक साहेब आणि एक ड्रायव्हर एवढेच असतात, म्हणून मामाचा हिशोब त्यांना लावू नका. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकाच झटक्यात दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटीची खरेदी, देशभर बातमी झाली, त्यात माणशी किलोमीटर वगैरे कुणी काढलं नव्हतं.

मोठ्या गाडीचा खरा जोर डिझेलमुळे होता. जून २०१० ला पेट्रोलचे भाव मोकळे सोडले, डिझेलचे मात्र शेतकरी आणि एसटीच्या नावाने धरून ठेवले, आणि मे २०१२ ला दिल्लीत पेट्रोल ७३ तर डिझेल ४१ अशी अवस्था आली. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक, मग कोण पेट्रोलची गाडी घेतंय. त्या काळात नव्या कारमध्ये निम्म्याहून जास्त डिझेलच्या खपायच्या. ट्रॅक्टरसाठी स्वस्त ठेवलेलं डिझेल वीस लाखाच्या गाडीत जायलंय अशी बोंब तेव्हा उठली आणि ती खोटी नव्हती. जानेवारी २०१३ पासून महिन्याला ५०-५० पैसे वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ ला डिझेल पण मोकळं झालं. हायब्रीडला आपल्याकडे जागा झाली ती खरं म्हणजे त्या दिवशी, कारण तोपर्यंत पेट्रोल वाचवणारी गाडी घ्यायची गरजच नव्हती, डिझेल होतं ना.

आता मोजपट्टीकडे येऊ, कारण सगळा गुंता तिथंच आहे. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाडीची एक्साइज, म्हणजे कारखान्यात बनलेल्या मालावरचा केंद्राचा टॅक्स, २४ वरून १६ टक्क्यांवर आणली आणि छोटी म्हणजे काय तर लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० च्या आत. झालं, डिक्की कापलेल्या आखूड सेडान आणि पुढे ३.९९ मीटरच्या उंच गाड्या यायला लागल्या, ज्यांना आज आपण बिनधास्त एसयूव्ही म्हणतो. मग २०१३ च्या बजेटमध्ये खऱ्या एसयूव्हीवरची एक्साइज २७ वरून ३० केली, आणि आता एसयूव्ही कोणती हे कागदावर लिहायची वेळ आली. लिहिलं असं : लांबी ४ मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं, आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, १७० मिलिमीटर किंवा जास्त. तिन्ही एकदम पाहिजेत.

तीन टक्क्यांसाठी काय झालं बघा. एका देशी कंपनीने आपल्या गाजलेल्या गाडीचा क्लिअरन्स २०० वरून १६० मिलिमीटरवर आणला. गाडी तीच, इंजिन तेच, वजन तेच, डिझेल पिणार तेवढंच, फक्त जमिनीपासून चार सेंटिमीटर खाली बसवली आणि कायद्याने ती एसयूव्ही राहिली नाही. कच्च्या रस्त्यावर चालवायला लोक ती गाडी घ्यायचे आणि टॅक्सने नेमकी तिचीच उंची कमी केली. इंधन किती जाळते हा प्रश्न त्या व्याख्येत कुठंच नव्हता. डिसेंबर २०१५ ला असाच प्रकार दिल्लीत झाला, तिथं कोर्टाने २००० सीसी आणि वरच्या नव्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, आणि महिनाभरात १.९९ लिटरचं इंजिन हजर. ऑगस्ट २०१६ ला एक टक्का ग्रीन सेस, म्हणजे वरचा जादा टॅक्स, घेऊन बंदी उठली.

हायब्रीड या शब्दाचं पण असंच वाटोळं झालं. एप्रिल २०१५ पासून केंद्राने इलेक्ट्रिक आणि हायब्रीडला सबसिडी सुरू केली, त्यात ज्या गाडीची बॅटरी इंजिनला नुसता धक्का देते, स्वतः गाडी ओढत नाही, ती माइल्ड हायब्रीड पण घेतली. डिझेलच्या सेडान आणि सात सीटर गाडीवर १३ हजाराची सूट आणि मागे हायब्रीडचा बिल्ला. लोकांनी बिल्ला बघून घेतली, गल्लीत अजून कितीतरी जण 'आपली हायब्रीड आहे' म्हणतात. १ एप्रिल २०१७ पासून त्यांची सबसिडी काढली, ते बरोबरच केलं असं माझं मत, पण बदनाम सगळ्याच हायब्रीड झाल्या.

आणि तीनच महिन्यांनी, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी हायब्रीडवर एकूण टॅक्स ३० टक्क्यांच्या आसपास होता आणि मोठ्या एसयूव्हीवर ५५ च्या आसपास, जीएसटीने दोघांना २८ अधिक १५ सेस म्हणजे ४३ टक्क्यांच्या एकाच दावणीला बांधलं. एकाच दिवशी मोठ्या गाड्या स्वस्त झाल्या आणि माइल्ड का होईना हायब्रीड लाखभर रुपयांनी महागल्या. ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये एसयूव्हीचा सेस २२ केला, म्हणजे ५० टक्के, हायब्रीड मात्र ४३ वरच. कारण असं सांगितलं जायचं की हायब्रीडला सवलत दिली तर इलेक्ट्रिक मागे पडेल, आणि इलेक्ट्रिकला ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के लावला. ४३ आणि ५ यात मधली पायरीच ठेवली नाही. चार्जिंग कुठं करायचं हे किनवट-माहूरच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

मधल्या काळात पंपावर काय चाललं होतं ते वेगळंच. २०१५ ला पाऊस गेला आणि राज्यात १ ऑक्टोबरपासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये दुष्काळासाठी लावले. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, म्हणजे ज्यांच्यासाठी तो सेस होता तेच लोक टँकरच्या डिझेलवर तो भरत होते. परभणीचं तर विचारू नका, पेट्रोलचा टँकर येतो मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, तीनशेच्या वर किलोमीटर, ते भाडं भावात बसतं, त्यामुळे सप्टेंबर २०१८ ला परभणीचं पेट्रोल नव्वदीला टेकलं आणि देशातलं महाग पेट्रोल म्हणून टीव्हीवर आलं, फेब्रुवारी २०२१ ला पॉवर पेट्रोलने शंभरी पण गाठली. एप्रिल २०२० ला धुराचे कडक नियम, म्हणजे बीएस-६ आलं, छोटी डिझेल इंजिनं परवडेनात म्हणून बंद पडली, डिझेल-पेट्रोलचा फरक पण पंधराच्या आत आला. स्वस्त आणि कमी पिणारी छोटी डिझेल गाडी संपली, ती जागा भरायला २०२२ ला पेट्रोलच्या स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे ज्यांची बॅटरी स्वतः पण गाडी ओढते त्या, आल्या, कंपनीचा दावा लिटरला २७.९७ पर्यंत.

इथं एक बाजू हायब्रीडवाले सांगत नाहीत. ही गाडी कमावते ती ब्रेक मारताना आणि हळू चालताना, म्हणजे संभाजीनगरात जालना रोडच्या सिग्नलला, क्रांती चौकाच्या गर्दीत. समृद्धीवर १२० ने सरळ पळवली तर बॅटरीला काही काम उरत नाही आणि वाचणारा पैसा पण तेवढाच कमी. नांदेड-परभणीच्या मोकळ्या रस्त्यावर दाव्यातला आकडा शोधू नका.

आणि त्याच सुमारास जुनी व्याख्या परत उकरून निघाली. डिसेंबर २०२२ ला जीएसटी परिषदेने खुलासा केला की २२ टक्के सेस तिलाच, जी गाडी लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जाते आणि शिवाय ती तीन मापं पूर्ण करते. मग कंपन्या म्हणायला लागल्या आमची एसयूव्ही नाहीच, एमपीव्ही म्हणजे जास्त माणसं बसवायची घरगुती गाडी आहे. म्हणून जुलै २०२३ ला 'ओळखली जाते' हे काढून टाकलं, नाव काहीही असो, मापात बसली की २२, आणि क्लिअरन्स मोजायचा तो रिकाम्या गाडीचा. हे रिकाम्या गाडीचं कलम वाचून मला मामाच क्रूझरवाल्यांसोबत उभा दिसला, चौदा माणसं, दोन पोती आणि टपावर एक सायकल चढल्यावर १७० मधले किती उरायचे ते देवाला माहीत. गंमत अशी की याच काळात एकाच मॉडेलच्या सात सीटरवर पेट्रोलला ५० टक्के आणि हायब्रीडला ४३ टक्के लागायचा. म्हणजे हायब्रीड की मोठी गाडी हा प्रश्नच तोपर्यंत शिळा झाला होता, मोठी गाडीच हायब्रीड झाली होती.

मायलेजचे सरकारी नियम पण मोठ्यांना सांभाळूनच आहेत. २०१७ पासून कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी बघतात, पण गाडी जड असेल तर मर्यादा सैल, आणि एक स्ट्राँग हायब्रीड विकली की हिशोबात दोन धरतात, इलेक्ट्रिक विकली की तीन. त्यामुळे हायब्रीड विकणारी कंपनी त्या जोरावर जड गाड्या पण निवांत विकू शकते.

राज्याराज्यांत वेगळंच. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ ला स्ट्राँग हायब्रीडचा रोड टॅक्स माफ केला, आपल्याकडे २०२५ च्या धोरणात समृद्धीवरची टोलमाफी इलेक्ट्रिकला मिळाली. मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, सेस गेला, छोटी गाडी १८ टक्के आणि इलेक्ट्रिक सोडून बाकी सगळ्या ४०. छोटीची व्याख्या तीच २००६ ची, ४ मीटर आणि १२००-१५०० सीसी. मोठी डिझेल एसयूव्ही ५० वरून ४० वर आली, मोठी हायब्रीड ४३ वरून ४० वर. एकीला दहा टक्के सूट, दुसरीला तीन, आणि मधला सात टक्क्यांचा फरक शून्य, म्हणजे जुलै २०१७ ला होतो तिथंच परत. पेपरमध्ये 'गाड्या स्वस्त' एवढंच छापून आलं.

यात आपल्या भागाचा संबंध आता फक्त गिऱ्हाईक म्हणून राहिलेला नाही. ३१ जुलै २०२४ ला एका जपानी कंपनीने राज्य सरकारशी करार केला, सुमारे २० हजार कोटीचा, वर्षाला ४ लाख हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा, जागा बिडकीनची, म्हणजे पैठण रोडची.