मिनी ट्रॅक्टरची चढ-उतार (विदर्भ)

मिनी ट्रॅक्टर, पॉवर टिलर (मुठी धरून मागून चालवायचे दोनचाकी मशागतीचे यंत्र) किंवा बसून चालवायचे गवतकापणी यंत्र मालवाहू वाहनाच्या हौद्यात चढवणे, बांधून नेणे व उतरवणे. विदर्भात हे काम मुख्यतः वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्रापट्ट्यात आणि भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात दिसते. संत्र्याची झाडे सामान्यतः 6 × 6 मी. अंतरावर असतात. बाग वाढली की फांद्यांखालून मोठा ट्रॅक्टर नेता येत नाही, म्हणून 15 ते 20 अश्वशक्तीचे अरुंद यंत्र वापरतात. वावरे दोन-तीन शिवारांत विखुरलेली असली किंवा यंत्र भाड्याने द्यायचे असले, की ते वाहनातून न्यावे लागते.

या प्रथेचा आजचा प्रसार साधारणपणे 2005 नंतरचा मानावा. त्या वर्षी टाटा एस (‘छोटा हत्ती’) बाजारात आला आणि गावोगावी लहान मालवाहू वाहन सहज मिळू लागले. पॉवर टिलर मात्र त्याआधी काही दशकांपासून भारतात होते.

उतार : यंत्र जमिनीवरून हौद्यात तिरप्या टेकवलेल्या फळीवरून चढवतात. हौदा जमिनीपासून 75 सेंमी. उंच धरल्यास 1.5 मी. फळीचा चढ 30 अंशांचा होतो, 2.5 मी. फळीचा सुमारे 17 आणि 3.5 मी. फळीचा सुमारे 12 अंशांचा. आखूड फळी हेच बहुतेक अपघातांचे मूळ समजावे. त्यामुळे जुन्या चालकांची रीत विचार करण्याजोगी आहे : वाहन सखल जागी उभे करून मागचा भाग धुऱ्याला (शेताच्या बांधाला) किंवा पांदणीच्या काठाला लावायचा. उंचीतला फरक निम्म्यावर आला, की त्याच फळीचा चढही जवळपास निम्मा होतो. काळ्या मातीत पावसाळ्यात फळीचे खालचे टोक रुतते व चढ अचानक वाढतो, म्हणून टोकाखाली मुरूम किंवा सपाट दगड घालतात.

फळी हौद्याच्या पक्क्या कडेवर टेकवावी, साखळ्यांवर लोंबणाऱ्या फाळक्यावर नव्हे. चढणारे चाक फळीला मागे ढकलते. वरचे टोक साखळीने बांधलेले नसल्यास फळी निसटते आणि यंत्र अर्ध्यावर कोसळते. यंत्राचे वजन प्रथम हौद्याच्या शेपटीवर येते. हलक्या वाहनाचे तोंड अशा वेळी उचलले जाते. त्यासाठी मागच्या चौकटीखाली लाकडी टेकू आणि चाकांना गुटके लावणे आवश्यक असते.

सरळ की उलट : यंत्र तोंडाकडून चढवावे की मागून, याबद्दल दोन मते आहेत. सरळ चढवणाऱ्यांचा मुद्दा पकडीचा आहे : चढावर वजन मागच्या चाकांवर सरकते, मागची चाके हीच चालकचाके असल्याने ती घसरत नाहीत, आणि चालकाला फळीही समोर दिसते. हे खरे आहे. पण त्याच कारणाने पुढची चाके हलकी होतात. झटक्याने क्लच सोडला तर मागच्या आसाभोवती सगळे यंत्र उलटे फिरू पाहते. पुढची चाके उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात सावरण्याची वेळ निघून जाते, असे ट्रॅक्टर-सुरक्षेच्या साहित्यात सांगितले जाते. तेवढ्यात माणसाचा पाय क्लचवर पोहोचत नाही. उलट चढवताना मागचा जड भाग वरच्या बाजूला राहतो आणि चाके फिरवणाऱ्या बलाची प्रतिक्रिया तोंडाला खाली दाबते. फळी चिखलाने माखलेली असल्यास चाके फिरतात आणि हँडलच्या थोड्या चुकीने पुढचे चाक फळीबाहेर जाते, हे या रीतीचे दोष. मात्र फळी पुसून, सावकाश चढवून ते आवरता येतात. मागे उलटणारा ट्रॅक्टर आवरता येत नाही. म्हणून उलट चढवून सरळ उतरवण्याची रीत अधिक ग्राह्य वाटते. रोटाव्हेटर (मागे जोडलेले माती भुसभुशीत करण्याचे अवजार) आधी काढावा : सरळ चढवताना तो तोंड आणखी हलके करतो, उलट चढवताना फळीला अडकतो. फळीवर क्लच दाबू नये, गिअर बदलू नये.

पॉवर टिलरची गोष्ट निराळी. उतारावर यंत्र इंजिनाला ढकलू लागले, की डावा स्टीअरिंग क्लच (त्या बाजूच्या चाकाचा इंजिनाशी संबंध तोडणारी मुठीजवळची दांडी) ओढल्यावर ते उजवीकडे वळते. फळीवरून उतरवताना या दांड्यांना हात न लावता मुठींनीच दिशा राखावी.

मदतीला जमलेली माणसे बहुधा खालच्या बाजूने फळीला हात देतात. घसरणारे यंत्र त्यांच्याच अंगावर येते. तेथे कोणीही उभे राहू नये.

बांधणी : यंत्र खालच्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढतात व इंधनाचा कॉक बंद करतात. बांधणी चारही कोपऱ्यांतून, ट्रॅक्टरच्या चौकटीला करावी. स्टीअरिंगच्या दांड्यांना नव्हे. युरोपीय मानकानुसार पुढच्या दिशेची बांधणी मालाच्या वजनाच्या 0.8 पट आणि बाजूची 0.5 पट बलाला पुरली पाहिजे. नायलॉनचा दोर ताणला जातो, म्हणून साखळी किंवा रॅचेटचा पट्टा बरा. पांदणीतून डांबरी रस्त्यावर आल्यावर तो पुन्हा कसावा.

कायदा : 15 अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरचे वजन 800 किग्रॅ.च्या आसपास भरते. सुरुवातीच्या टाटा एसची भारक्षमता 750 किग्रॅ. होती. म्हणजे ‘मावतो’ आणि ‘चालतो’ यांत फरक आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 194 नुसार, 2019 च्या दुरुस्तीनंतर, जादा भारासाठी 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंड आहे. पॉवर टिलरसाठी लहान वाहन पुरते. ट्रॅक्टरसाठी पिकअप घ्यावा.