टेनर की बॅरिटोन? वरचा सूर ऐकून ते ठरत नाही

सोलापुरात कराओकेचे ग्रुप आता गल्लोगल्ली झालेत. जुळे सोलापूरपासून पूर्व भागापर्यंत शनिवार-रविवारी कुठे ना कुठे माइक सुरू असतोच, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण या मंडळींत आणि गाणं शिकायला येणाऱ्या मुलांत एक गोंधळ इतका घट्ट बसलाय की तो सोडवल्याशिवाय पुढचं काही शिकवताच येत नाही. कुणीतरी मोबाइलवर एखाद्या पॉप गायकाची क्लिप लावतो, गायक सगळ्यात वरच्या सुराला भिडतो आणि लगेच निकाल: "टेनर आहे सर, बघा की कुठं गेला!" दुसरा त्याच गायकाचे खालचे सूर शोधून आणतो: "छे, बॅरिटोन." दोघांची चूक एकच. दोघेही रेंज मोजतात आणि तिला व्हॉइस टाइप, म्हणजे आवाजाची जात, म्हणतात.

पट्टी काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे. काळी एक, पांढरी चार, काळी पाच, म्हणजे आपण सा कुठे धरतो ते. पट्टी आपण निवडतो. सर्दी झाली की अर्धा सूर खाली घेतो, जुगलबंदी असेल तर समोरच्याशी जुळवून घेतो. तेव्हा "माझा आवाज काळी पाचचा, म्हणून मी सोप्रानो" हे वाक्य कृपा करून बंद करा.

नावंही पटकन उरकू. पुरुषांत खालून वर बेस, बॅरिटोन, टेनर. स्त्रियांत काँट्राल्टो, मेझो-सोप्रानो, सोप्रानो. ही विभागणी युरोपातल्या ऑपेराची आणि समूहगायनाची. तिथे माइक नव्हता, वाद्यवृंदाच्या वर आवाज पोचवायचा होता आणि एकेक भूमिका ठरावीक आवाजासाठी लिहिलेली असायची. पॉप गायकाला यातलं काहीच बंधन नाही. तो माइकच्या तोंडाशी कुजबुजला तरी ऐकू येतो, आणि गाणं त्याच्या गळ्याला बेतून बसवलेलं असतं. म्हणून पॉप गायकाला ही नावं लावताना हात जरा राखूनच चालवावा. फॉल्सेटोत, म्हणजे वरच्या पातळ आवाजात, चार ओळी गाणाऱ्या मुलाने स्वतःला काउंटरटेनर (स्त्रियांच्या उंचीवर गाणारा पुरुष) म्हणवून घेणं तर मला अजिबात मान्य नाही. काउंटरटेनर तो पातळ आवाज घेऊन अख्खी मैफल उभी करतो, वर्षानुवर्षं तोच तयार करतो.

रेंज म्हणजे गळ्यातून निघू शकणारा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर, यांच्यामधलं अंतर. ते मोजताना लोक काहीही धरतात. सकाळी उठल्या उठल्या येणारी खरखर खालच्या टोकाला, एखादी किंकाळी किंवा शिट्टीसारखा सूर वरच्या टोकाला, की झाली चार सप्तकं! ज्यावर एक ओळसुद्धा नीट गाता येत नाही तो सूर माझ्या लेखी रेंजमध्ये नाही. फ्रेडी मर्क्युरीचं उदाहरण घ्या. पाचगणीच्या शाळेत शिकलेला हा मुलगा पुढे जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक गायकांत गणला गेला, आणि त्याच्या रेंजबद्दल वाटेल ते आकडे आजही फिरतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या आवाजाचे वेगळे काढलेले ट्रॅक तपासले, तेव्हा भरली ३७ सेमीटोन (सेमीटोन म्हणजे अर्धा सूर). तीन सप्तकं आणि वर एक सेमीटोन. ही रेंज उत्तमच आहे, पण दंतकथेएवढी नाही. आणि एवढं मोजूनही तो टेनर की बॅरिटोन हे या ३७ वरून कळत नाहीच.

आता जिथे खरोखर सगळे अडखळतात तिथे येऊ.

माणूस खालून वर गात निघाला की सुरुवातीला स्वरतंतू जाड असतात आणि पूर्ण अंगाने एकमेकांना भिडतात. आपलं बोलणं याच मांडणीत चालतं. गाणारे याला चेस्ट व्हॉइस म्हणतात. वर जावं तसे तंतू ताणले जातात, पातळ होतात. एका टप्प्यावर ती जाड मांडणी टिकवणं जड जातं आणि गळा दुसरी मांडणी शोधू लागतो. न शिकलेल्याचा आवाज इथे फाटतो, नाहीतर एकदम फॉल्सेटोत उडी घेतो. इटालियन परंपरेत या जागेला पॅसाजिओ म्हणतात, मी शिकवताना नुसतं वळण म्हणतो. ते कुठे येणार हे मुख्यतः शरीर ठरवतं. पुरुषांचे स्वरतंतू साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब, स्त्रियांचे साधारण १२.५ ते १७.५. रियाजाने तंतू लांब होत नाहीत. वळण गुळगुळीत होतं, जागा फारशी हलत नाही.

पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षक बॅरिटोनचं वरचं वळण साधारण ३३० हर्ट्झच्या (सेकंदाला ३३० कंपनांच्या) आसपास धरतात आणि टेनरचं ३९२ च्या आसपास. आपल्या भाषेत सांगतो. काळी एकचा सा धरून पुरुष गात असेल, तर बॅरिटोनचं वळण तार सप्तकातल्या कोमल गंधारापाशी येतं आणि टेनरचं तीव्र मध्यमापाशी. मधे फक्त तीन सेमीटोन. माणसागणिक यात थोडं मागेपुढे होतं, पण सगळा वाद या एवढ्याशा पट्ट्यातला आहे. तार पंचमाला कोण पोचला हे बघून तो सुटणार नाही, कारण तिथे दोघेही पोचू शकतात.

कसे पोचतात? तंत्राने. चेस्ट व्हॉइस तशीच रेटून वळणाच्या पुढे नेणं हे बेल्टिंग. जाड आणि पातळ मांडणीचा समतोल साधून सांधा न दाखवता वर जाणं हा मिक्स. पातळ मांडणीत सरळ उडी घेणं हे फॉल्सेटो. पॉप गायक एकाच गाण्यात तिन्ही वापरतो. हे तंत्र म्हणजे रफूकाम आहे. कारागीर चांगला असेल तर वरून टाका दिसत नाही, पण कापड उलटं करून उजेडात धरलं की कुठे भरलंय ते कळतं. आवाजही तसाच उलटून बघावा लागतो.

आपल्याकडे तर बेल्टिंग नवं नाहीच. शाहीर, गोंधळी, वासुदेव हे सगळे उघड्यावर, माइकशिवाय गाणारे. वरच्या सुरात खुला, धारदार आवाज लावल्याशिवाय शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचायचाच नाही. आमच्या जिल्ह्यातले बार्शीचे शाहीर अमर शेख यांचा पहाडी आवाज महाराष्ट्राने ऐकला. आज अजय गोगावले वर चढतात तेव्हा तोच खुला बाज ऐकू येतो. अशी आवाज लावण्याची पद्धत टेनरला जमते, बॅरिटोनलाही जमते. पहाडी आवाज ऐकला की टेनर म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

मग ऐकायचं कसं? सगळ्यात वरचा सूर सोडून द्या. वळणाच्या त्या तीन-चार सुरांवर गायक काय करतो ते ऐका, तेही गाण्याच्या शांत भागात. ३३० हर्ट्झचा तोच सूर टेनर अंतऱ्याच्या मधल्या ओळीत सहज, बोलल्यासारखा घेऊन पुढे जातो. बॅरिटोनच्या गाण्यात त्याच सुरावर काहीतरी घडतं: जोर वाढतो, गाण्याची चढण तिथे येते, किंवा आवाज मुद्दाम हलका केला जातो. शब्दांतले 'आ', 'ई', 'ओ' हे स्वर ऐका. खालचा मोकळा 'आ' वर जाताना कुठल्या सुरापासून 'ऑ'कडे झुकतो किंवा पसरट 'अॅ' होतो? चांगला गायक हा बदल वळणाच्या आधीच सुरू करतो. आणि तो दम न लागता तासभर कुठे राहू शकतो ते बघा. गळ्याच्या या मुक्कामाच्या जागेला टेसितुरा म्हणतात. व्हॉइस टाइप ठरवताना मी रेंजपेक्षा हिला कितीतरी जास्त वजन देतो.

यासाठी प्रत्यक्ष मैफलीचं रेकॉर्डिंग घ्या, शक्यतो दोन-चार वाद्यांचं. स्टुडिओत सूर दुरुस्त केलेले असतात, आवाजावर आवाज चढवलेले असतात. मोबाइलवरचं ट्यूनर अॅप सूर कोणता लागला एवढंच सांगतं, तो कसा लागला हे त्याला कळत नाही.

आवाजाच्या रंगावरून निकाल देणाऱ्यांचा पंथ वेगळा. "जाड आवाज, म्हणजे बॅरिटोन." रंगाला अर्थ आहे, पण तो बदलता येतो. कंठ खाली दाबला, घसा आतून मोठा केला की टेनरही गडद वाटतो. कंठ वर उचलला, आवाजात हवा सोडली की बॅरिटोन कोवळा वाटतो. आजच्या कितीतरी हिंदी पॉप गाण्यांत हा हवा सोडलेला आवाज ऐकू येतो आणि ऐकणारे त्यालाच गायकाचा मूळ आवाज समजतात.

बोलण्याचा सूर ही त्या मानाने बरी खूण, कारण मुलाखतीत माणूस सहसा आवाज लावत नाही. त्याच २०१६ च्या अभ्यासात फ्रेडीच्या सहा मुलाखती तपासल्या, तेव्हा बोलण्याचा मध्यक निघाला ११७.३ हर्ट्झ, म्हणजे बॅरिटोनला शोभणारा. गाणी मात्र टेनरच्या उंचीवर मुक्काम करणारी. मला विचाराल तर मूळ बॅरिटोनच्या जवळचा गळा आणि असामान्य तंत्र, असं मी मानतो. पण एकट्या बोलण्यावरून शिक्का मारणार नाही. आमच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्यावरून असाच वाद रंगतो. त्यांचं बोलणं ऐकलेले एका बाजूला, वरच्या हळुवार जागा ऐकलेले दुसऱ्या बाजूला. दोघांनीही मधले सूर ऐकावेत.

स्त्रियांच्या आवाजात अडचण वेगळीच आहे. पॉप गाण्यातल्या स्त्रिया मुख्यतः चेस्ट आणि मिक्समध्ये गातात, आणि गाणं साधारण ५२५ ते ६०० हर्ट्झच्या पुढे फार वेळ थांबत नाही. सोप्रानोचं वरचं वळण पाश्चात्त्य शिक्षक ७४० हर्ट्झच्या आसपास धरतात, मेझोचं त्याच्या थोडं खाली. म्हणजे सोप्रानो आणि मेझो जिथे वेगळ्या ओळखू येतात, तिथपर्यंत पॉप गाणं बहुधा जातच नाही. ब्रिटिश पॉप गायिका अडेल मेझो की काय यावर भांडताना हे विसरलं जातं. अगदी वरची शिट्टीसारखी तान तर अजिबात पुरावा नव्हे, ती वेगळीच मांडणी आहे आणि वेगवेगळ्या जातींच्या आवाजांत सापडते. उषा उथुप यांच्यासारखा ठळक खालचा आवाज असेल तर गोष्ट सोपी. एरवी पॉप गायिकेबद्दल मी 'हलका आवाज' किंवा 'भारी आवाज' एवढंच म्हणतो आणि तेवढंच म्हणावं असं माझं ठाम मत आहे. विशीच्या आतल्या मुलामुलींना तर कुठलंच नाव देऊ नये. फुटलेला आवाज स्थिरावायला वर्षं लागतात.

नावावरून एवढं का बोलायचं? कारण चुकीच्या नावामागून चुकीचं गाणं येतं. एखादा बॅरिटोन मुलगा एकदा जोर लावून तीव्र मध्यम ओलांडतो, ग्रुपमध्ये त्याला टेनर म्हटलं जातं, आणि मग दर आठवड्याला त्याच्या वाट्याला उंच गाणी येतात. त्यात आपल्याकडे 'ओरिजिनल स्केल'चा अभिमान. मूळ पट्टीत गायलं तरच गाणं, खाली घेतलं तर कमीपणा. मला या अभिमानाची खरोखर चीड येते. मूळ पट्टी त्या गायकाच्या गळ्यासाठी बेतलेली होती, तुमच्या नव्हे. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या उन्हाळ्यात, हॉलमधल्या पंख्याखाली, वळणावरच्या सुरांवर रेटत बसलं की आवाज बसतो. तो तीन-चार आठवड्यांत मोकळा झाला नाही तर हळद-दूध पुरे करा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या. २०११ मध्ये अडेललासुद्धा स्वरतंतूंची शस्त्रक्रिया करावी लागली होती.

तोवर एक करून बघा. आवडीचं गाणं घ्या आणि मुखडा-अंतरा अगदी हळू, अर्ध्या आवाजात गा. जिथे हळू गाणं अशक्य होऊन जोर लावावा लागतो तो सूर हार्मोनियमवर शोधा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाण्यावर तेच करा. दोन्हीकडे तोच सूर किंवा शेजारचा आला, तर तुमच्या वळणाची जागा बहुधा तीच. मग ट्रॅक दोन किंवा तीन सेमीटोन खाली घ्या, म्हणजे गाण्यातल्या लांबवलेल्या ओळी त्या जागेच्या खाली येतील आणि एखाद-दुसरा सूरच वर राहील.